दुसऱ्या भागात सर्जा

पहिल्या भागात सर्जा मेला होता
बावन्नाव्या मिनिटाला.
बोटीवरून उडाला, अंगाला आग लागलेली,
तोंड दिसलं निमिषभर, मिशीसकट,
पण आम्ही आधी पाठ ओळखली.
गंगावेशीच्या तालमीत ती पाठ मातीला टेकवायला
भल्याभल्यांचा घाम निघायचा.

आता दुसरा भाग.
शुक्रवार, बाराचा खेळ, राजहंस टॉकीज.
उद्यमनगरात मी लेथ बंद केला तर
मालक म्हणाले, "कोण गेलं काय?"
म्हटलं, "अजून न्हाई. दीडच्या आत मरतोय."

आक्काताई बाल्कनीत, मांडीवर पिशवी,
पिशवीत भाकरी आणि खर्डा:
"पोरगं मुंबईला काय खातंय देव जाणे."
आणि पोरगं तिच्या शेजारीच बसलेलं,
गुडघ्याला पट्टा, पाय पुढच्या खुर्चीवर.

अंधार झाला
आणि मग श्वास टाकायला जागाच नाही.
गेल्या खेपेला बर्फात गाडलेला हिरो
बर्फातनं उठतो, दाढी वाढवून,
खात्यातलाच कोणी फितूर,
कुणाच्या तरी दाढेत लपवलेली यादी,
यादीत सगळ्या हेरांची खरी नावं,
मोटरसायकली छपरांवरून, कौलं उधळत,
लाल कोटातली बाई तीन भाषांत खोटं बोलते,
पूल उघडतोय, गाडी निघालीय, पूल उघडतोय,
गाडी हवेत,
गाडी अजून हवेतच,
धाड!

आणि आम्ही हिरोकडं बघतच नव्हतो.
आम्ही पडद्याच्या कडा धुंडाळत होतो.
दारावरचा तो? नव्हं, खांदा बारीक.
काळ्या चष्म्याचा? उंचीला कमी.
जिन्यावरनं गडगडला तो? लगेच मेला, आपला असता तर उठला असता.
अडतीस माणसं पडली तोवर.
एकही आमच्या गल्लीतला नाही.

मग रेल्वेचं छप्पर.
समोरून बोगदा येतोय
आणि हिरोच्या पाठीमागं हळूच चढतो एक,
सफाचट ओठ, कान मोडलेला.
कुस्तीत मोडलेला कान
कुठल्या रंगारंगोटीनं सरळ होत नाही.

सर्जाऽऽ!

टोप्या उडाल्या, शिट्ट्या फुटल्या,
देशाचं काय व्हायचं ते होऊ दे,
हेरांची नावं फुटू देत,
"हाण! पट काढ! ढाक मार त्येला!"
भरलं टॉकीज गद्दाराच्या बाजूला.
आणि खरंच, अर्ध्या सेकंदापुरता
हिरोचा तोल गेला.
तसं करायचं ठरलं नव्हतं, सर्जा कानाशी म्हणाला,
हात सवयीनं कमरेकडं गेला,
त्यांनी तेवढं ठेवलं.

मग बोगदा.
चार सेकंद, मी मोजले.
पहिल्या भागात अडीच होते.

आक्काताईनं पदराआडनं डोळे उघडले.
"पयल्यात मेला हुतास की रं. मग ह्यात कसा?"
"मिशी काढली, आये."

पुढं हिरोनं जग वाचवलं म्हणतात.
आमचं लक्ष नव्हतं.

राजहंसचा ऑपरेटर शेवटची नावं नेहमी कापतो,
आज त्याला वर दोन वडे पोचले होते.
लोक उठले, गेले, झाडूवाला आत आला,
आमची चार रांगा गल्ली बसून राहिली.
इंग्रजी, बारीक, घाईत वर सरकणारी नावं,
शेकड्यानं नावं,
गाद्या अंथरणाऱ्यांची, चहा देणाऱ्यांची, पडणाऱ्यांची.
सातवीतला ओंकार खुर्चीवर उभा राहून ओरडला, "आलं!"
"कुठं?" म्हणेपर्यंत
छताकडं गेलं होतं.

बाल्कनीच्या अकरा पायऱ्या.
सर्जानं माझा खांदा धरला,
प्रत्येक पायरीला दोन्ही पाय टेकवत उतरला,
सहाव्यावर थांबला, गुडघा दाबला.
"तिसरा भाग हाय म्हणं," मी म्हटलं.
"हाय की."
"मग?"
"दाढी लावणार म्हणलेत," असं म्हणून
त्यानं सातव्या पायरीवर
जपून पाय ठेवला.